लष्करी डायकास्ट प्रतिकृती : प्रमाणाची निवड

रणगाडे, लष्करी वाहने, लढाऊ विमाने आणि युद्धनौका यांच्या धातूत ओतलेल्या लहान प्रतिकृती जमवणारा संग्राहक बहुधा एखादे प्रमाण मुख्य मानतो आणि बाकीची बाजूला ठेवतो. व्यवहारात या प्रमाणाला ‘स्केल’ म्हणतात. १:७२ म्हणजे मूळ वस्तूवरच्या ७२ सेंमी.ला प्रतिकृतीवर १ सेंमी.; भाजक जितका मोठा, तितकी प्रतिकृती लहान. या छंदात १:७२, १:५०, १:४८, १:४३ आणि १:३२ ही प्रमाणे रुळलेली आहेत. त्यांखेरीज १:७६, १:८७, १:१४४, १:२०० आणि नौकांसाठी १:१२०० व १:१२५० वापरात आहेत. एकाच प्रमाणात जमवलेल्या संग्रहातच दोन यंत्रांची खरी तुलना नजरेला पडते. प्रमाणे मिसळली की हलका रणगाडा जड रणगाड्याच्या बरोबरीचा दिसू लागतो, आणि मग मांडणी कितीही देखणी असली तरी तिच्यातून इतिहासाचे काही कळत नाही.

उगम : ही प्रमाणे लष्कराने ठरवलेली नाहीत आणि खेळणी करणाऱ्यांनीही एकत्र बसून ठरवलेली नाहीत. १:७२ आणि १:४८ ही फूट-इंचांतून आली : पहिल्यात एका इंचाला सहा फूट, दुसऱ्यात एका इंचाला चार फूट. १:४३, १:७६ आणि १:८७ यांचे मूळ खेळण्यातल्या आगगाडीत आहे. ब्रिटिश ‘ओ’ गेजमध्ये (गेज म्हणजे रुळांमधले अंतर) एका फुटाला ७ मिमी. धरत, त्यावरून १:४३.५ हे प्रमाण निघाले. त्याच्या निम्मे, म्हणजे फुटाला ३.५ मिमी., घेतले की १:८७ येते आणि ४ मिमी. घेतले की १:७६. आगगाडीच्या शेजारी उभ्या करायच्या मोटारी त्याच मापाने झाल्या आणि मोटारींमागून लष्करी वाहने आली. १:३२ चे नाते ‘गेज वन’ आगगाडीशी आणि विल्यम ब्रिटन यांच्या पेढीने १८९३ पासून पोकळ ओतकामाने काढलेल्या ५४ मिमी. उंचीच्या सैनिकांशी आहे. रणगाड्यांच्या प्लॅस्टिक संचांत आज सर्वांत प्रबळ असलेले १:३५ तर योगायोगानेच जन्माला आले. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढे त्याचे माप ठेवले. नंतर हिशेब केल्यावर ते सुमारे १:३५ भरले. डायकास्टमध्ये मात्र १:३५ ने फारसे मूळ धरले नाही. रुळलेल्या प्रमाणांपैकी सरळ मेट्रिक हिशेबाचे म्हणता येईल असे एकच : १:५०, म्हणजे मीटरला २ सेंमी.

१:७२ चा इतिहास अधिक नोंदवलेला आहे. ब्रिटनमध्ये १९३२ पासून जेम्स हे स्टीव्हन्स यांच्या आराखड्यांवरून निघालेल्या ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकूड-धातूच्या विमानसंचांनी हे प्रमाण रूढ केले, असे सामान्यतः मानतात. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या प्लॅस्टिक संचांनी तेच उचलले. पुढे महायुद्धाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकी नौदलाने शत्रूची आणि आपली विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी शाळकरी विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या, त्या १:७२ प्रमाणात. सहा फुटांना एक इंच या मापाची प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली तर ती ८४० यार्डांवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. नेमबाजाला अंतराचा अंदाज शिकवायला एवढा हिशेब पुरे होता. त्याच काळात न्यूयॉर्कच्या कॉमेट मेटल प्रॉडक्ट्स या कंपनीने ओळख-प्रशिक्षणासाठी धातूच्या प्रतिकृती काढल्या. त्यांत वाहनांना १:१०८, विमानांना १:४३२ आणि नौकांना १:१२०० अशी प्रमाणे होती. त्यांपैकी नौकांचे प्रमाण पुढे टिकले. उरलेली दोन जुन्या वस्तूंच्या संग्राहकांपुरती राहिली.

डब्याचे माप : लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी टॉइज’मध्ये रणगाड्यांचे संच १९३७ च्या सुमारास आले. युद्धोत्तर लष्करी मालिकेतला सेंच्युरियन (१९५४) सुमारे १:६० प्रमाणाचा आहे. १९७० च्या दशकात याच कंपनीने काढलेला चीफटन मात्र १:५० च्या जवळ जातो. एकाच कंपनीचे हे दोन ब्रिटिश रणगाडे शेजारी ठेवले तर त्यांच्या आकारातला फरक खऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो. लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ मालिकेत (१९५३ पासून) वस्तू डब्यात मावली पाहिजे, हाच नियम होता. त्यामुळे अवजड वाहन जास्त आक्रसलेले आणि जीप कमी आक्रसलेली, असे प्रमाण प्रतिकृतीगणिक बदलते. या वस्तूंना बालपणाचे आणि दुर्मिळतेचे मोल आहे. प्रमाण धरून केलेल्या संग्रहात मात्र त्यांना वेगळा कप्पा द्यावा.

१:५० : या प्रमाणाची घडण मुख्यतः फ्रान्समधल्या ‘सोलिडो’ने केली. फेर्दिनां द वाझेय यांनी १९३२ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने १९६० च्या दशकात रणगाड्यांची मालिका सुरू केली : एएमएक्स-३०, पॅटन, टी-३४, पीटी-७६ इत्यादी. या रणगाड्यांचे ट्रॅक धातूच्या कड्या जोडून केलेले आहेत. बोटाने ढकलले की कडी कडीवर वळत चाकांभोवती फिरते आणि टेबलावर बारीक खडखडाट होतो. तळपट्टी उलटून पाहिली तर तीवर प्रतिकृतीचे नाव आणि बहुधा ती प्रथम निघाली तो महिना व वर्ष ओतलेले आढळते; तारीखवार मांडणी करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. रंगकाम साधे आहे, खुणा अनेकदा संग्राहकाने स्वतः चिकटवायच्या असत. पुढे ‘कॉर्गी’नेही किंग टायगर, शेर्मन, चर्चिल, सेंच्युरियन वगैरे रणगाडे १:५० मध्येच काढले, आणि दोन कंपन्यांचा माल एका फळीवर ठेवता येऊ लागला.

त्याचे फळ काय, ते पीटी-७६ आणि सेंच्युरियन यांच्यावरून दिसते. दोन्ही रणगाडे भारतीय सैन्यात होते. पीटी-७६ चे वजन सुमारे १४ टन, सेंच्युरियनचे ५० टनांच्या वर. नुसते आकडे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पीटी-७६ म्हणून एखादी छोटी वस्तू येते. १:५० मध्ये दोन्ही शेजारी ठेवावेत : तोफ वगळता पीटी-७६ ची लांबी सुमारे १३.८ सेंमी., सेंच्युरियनची सुमारे १५ सेंमी. रुंदीतला फरक जेमतेम अर्धा सेंमी. पाण्यावर तरंगायचे तर धड मोठे आणि पोकळ हवे, आणि वजन कमी राखायचे तर चिलखत पातळ ठेवणे भाग आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला भारतीय सैन्याच्या ४५ कॅव्हलरीच्या जवानांनी ज्या पीटी-७६ रणगाड्यांतून पाकिस्तानी रणगाड्यांशी लढाई केली त्यांचे हे आकारमान ध्यानात आले, म्हणजे त्या लढाईचे वर्णन वेगळ्या जाणिवेने वाचले जाते.

जागा आणि वजन : १:७२ आणि १:५० यांच्यात लांबीचा फरक १.४४ पटींचा आहे. फळीवरची जागा मात्र २.०७ पट आणि घनफळ जवळजवळ ३ पट होते. १:७२ चे शंभर रणगाडे ज्या कपाटात मावतात, तिथे १:५० चे पन्नासही मावत नाहीत. मुंबई-पुण्याच्या सदनिकेत निर्णय पुष्कळदा इथेच होतो. सुरुवातीच्या एम४ शेर्मनची लांबी ५.८४ मी. धरली, तर प्रतिकृती १:७२ मध्ये ८.१ सेंमी., १:५० मध्ये ११.७, १:४३ मध्ये १३.६ आणि १:३२ मध्ये १८.२ सेंमी. भरते.

तपशील हा दुसरा निकष. शेर्मनच्या तोफेचा व्यास ७५ मिमी.; नळीचे तोंड १:७२ मध्ये १ मिमी., १:५० मध्ये १.५ मिमी. आणि १:३२ मध्ये २.३ मिमी. व्हायला हवे. पुढच्या चिलखताची ५१ मिमी. जाडी १:७२ मध्ये ०.७ मिमी. होते, पण साच्यात ओतलेल्या धातूची भिंत बहुधा १ मिमी.च्या आसपास ठेवावी लागते. म्हणून लहान प्रमाणात झाकणांच्या कडा, पत्र्याचे आच्छादन आणि धरायच्या कड्या जाड दिसतात. हाच दोष टाळण्यासाठी आजचे उत्पादक बारीक भाग प्लॅस्टिकचे करतात. ‘ड्रॅगन आर्मर’च्या १:७२ रणगाड्यांत तर प्लॅस्टिकचाच वाटा मोठा आहे. त्यांना डायकास्ट म्हणावे की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही.

निकटची प्रमाणे चालवून घ्यावीत का, हाही वाद आहे. १:४८ आणि १:५० यांत ४ टक्क्यांचा फरक आहे, तो नजरेला सहसा कळत नाही. १:७२ आणि १:७६ यांत साडेपाच टक्के, म्हणजे शेर्मनच्या लांबीत सुमारे ४ मिमी.; इथे मते फुटतात. १:३२ आणि १:३५ यांत ९ टक्के फरक पडतो. स्वान्सी येथील ‘ऑक्सफर्ड डायकास्ट’ची लष्करी वाहने १:७६ मध्ये असल्याने ब्रिटिश वाहनांत रस असणाऱ्यांना हा प्रश्न वारंवार पडतो.

विमाने : या शाखेत १:७२ चे वर्चस्व निर्विवाद आहे. कॉर्गीची ‘एव्हिएशन आर्काइव्ह’ मालिका, हाँगकाँगची ‘हॉबी मास्टर’ आणि जपानची ‘सेंच्युरी विंग्ज’ यांची लढाऊ विमाने याच प्रमाणात आहेत. भारतीय हवाई दलाचा इतिहास या प्रमाणात फार बोलका होतो. पंखांचा विस्तार मोजला तर नॅट सुमारे ९.३ सेंमी., मिग-२१ सुमारे ९.९, हंटर १४.२ आणि सुखोई-३० एमकेआय २०.४ सेंमी. नाशिकजवळ ओझरला आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय तयार झाले. एकाच कारखान्याच्या कामाची दोन टोके अशी शेजारी ठेवता येतात. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि अलिझे ही विमाने प्रत्यक्ष पाहून आलेल्याला १:७२ मध्ये त्यांचे पंख अनुक्रमे १६.५ आणि २१.७ सेंमी. का, हे समजावून सांगावे लागत नाही.

विमाने आणि रणगाडे दोन्ही जमवणाऱ्याने १:७२ च धरावे, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे. डिसेंबर १९७१ मधली लोंगेवालाची लढाई मुख्यतः भारतीय हंटर विमाने आणि पाकिस्तानी टी-५९ रणगाडे यांच्यातली आहे. १:७२ मध्ये १४ सेंमी. पंखांचे विमान आणि ८.४ सेंमी. धडाचा रणगाडा एका फळीवर येतात. ही जोडी १:५० मध्ये जमवायची तर विमान मिळत नाही.

बाँबफेकी विमाने आली की १:७२ ची अडचण सुरू होते. लँकेस्टरचे पंख ४३ सेंमी. होतात आणि धातूचे वजन स्टँडला जड जाते. बी-५२ तर ७८ सेंमी. भरते. अशा विमानांना १:१४४ किंवा १:२०० घेण्याचा प्रघात आहे. १:४८ मध्ये ‘फ्रँकलिन मिंट’ची ‘आर्मर कलेक्शन’ ही देखणी मालिका होती. ती बंद पडल्यावर त्या प्रमाणाचे संग्राहक जुन्या बाजारावर अवलंबून राहिले. एकाच उत्पादकाच्या भरवशावर प्रमाण निवडू नये ते यासाठी.

१:४३ : मुख्यतः मोटारींचे प्रमाण. जीप व हलकी वाहने यांपुरते सोयीचे.

१:३२ : ‘फोर्सेस ऑफ व्हॅलर’ मालिकेमुळे प्रसिद्ध. ५४ मिमी. सैनिकांशी जुळते. किंग टायगर तोफेसह ३२ सेंमी.

धातू : डायकास्टचा धातू म्हणजे जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू; न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये तो ‘झमक’ नावाने बाजारात आणला. जस्तात शिशाचा अंश राहिला तर कणाकणांमधून गंज आत शिरतो, धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. युद्धपूर्व डिंकीची अनेक खेळणी अशीच गेली. उष्णता आणि दमट हवा यांनी ही क्रिया वाढते, म्हणून कोकणपट्टी, मुंबई आणि गोवा येथे जुन्या वस्तू घेणाऱ्याने पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या भेगा भिंगाखाली पाहून घ्याव्यात. प्रमाणाशी याचा संबंध एवढाच, की १:६० च्या आसपासचा जुना माल धरणाऱ्याला ही जोखीम सर्वांत जास्त असते.

भारतात : १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांवर ‘निकी टॉइज’ निघाली. प्रमाण अर्थातच डिंकीचेच राहिले. महाराष्ट्रातल्या संग्राहकाला मापांची खातरजमा करण्यासाठी अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम (१९९४) जवळ आहे. शेर्मन, सेंच्युरियन आणि विजयंता तेथे उभे आहेत.

नौका : युद्धनौकांना जर्मन परंपरेत १:१२५० आणि ब्रिटिश परंपरेत १:१२०० चालते. पहिली आयएनएस विक्रांत (लांबी सुमारे २१३ मी.) १:७२ मध्ये जवळजवळ तीन मीटर लांब होईल, १:१२०० मध्ये ती १७.८ सेंमी. होते.