गोल्फमधील उतारावरील पटिंग

गोल्फमधील उतारावरील पटिंग : गोल्फच्या खेळात खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, ‘पटर’ नावाच्या काठीने चेंडू घरंगळत नेऊन खळग्यात घालण्याच्या क्रियेस पटिंग म्हणतात. चेंडू उताराच्या दिशेने न्यावयाचा असल्यास ही क्रिया विशेष अवघड ठरते. या कौशल्याचा इतिहास खेळाडूच्या हाताइतकाच गवताचा व पाण्याचाही आहे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील जुन्या मैदानांत गवत मेंढ्या व ससे खात. अशा खडबडीत, मंद पृष्ठभागावर मनगटाच्या झटक्याने फटका मारण्याची रीत सोयीची होती. एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले. पुढे अशा यंत्रांमुळे ग्रीन उत्तरोत्तर गुळगुळीत व वेगवान झाले. खळग्याचा १०·८ सेंमी. हा व्यास १८९१ मध्ये प्रमाण ठरला. ग्रीनचा वेग मोजण्यासाठी एडवर्ड स्टिंप्सन यांनी १९३५ मध्ये एक खाचेची पट्टी योजिली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७८ पासून प्रसृत केली. सुमारे २०° कललेल्या या पट्टीवरून सुटलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती अंतर जातो, यावरून वेग ठरतो.

या मापनाच्या आधारे उताराची अडचण स्पष्ट होते. ज्या मंद ग्रीनवर चेंडू सपाटीवर दीड मीटर जातो, तेथे शेकडा ४ उतारावर तो सुमारे दोन मीटर जातो. मात्र सपाटीवर तीन मीटर जाणारा चेंडू वेगवान ग्रीनवर तेवढ्याच उतारावर सहा मीटरांहून अधिक जातो. साहजिकच जुना झटक्याचा फटका निरुपयोगी ठरून खांद्यांच्या संथ झोक्याची पद्धत रूढ झाली. खेळाडू उताराच्या खालच्या बाजूने वाट पाहून घेतो, खळग्याच्या अलीकडे काल्पनिक लक्ष्य धरतो आणि काठी मागे थोडीच नेतो. संथ चेंडू आडव्या उतारावर अधिक वळतो, हेही ध्यानी ठेवावे लागते. चेंडू आधीच खळग्याच्या खालच्या अंगास ठेवणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

भारतात गोल्फ कलकत्त्यास १८२९ मध्ये व मुंबईस १८४२ मध्ये आला. येथील ग्रीनचे स्वरूप पावसावर अवलंबून राहिले. सातारा व सांगली जिल्ह्यांचेच उदाहरण घेतल्यास, महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६०० सेंमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो सुमारे ५० सेंमी. असतो. अशा अवर्षणप्रवण भागात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असताना हिरवळीस उन्हाळाभर पाणी घालणे समर्थनीय ठरत नाही. देशाच्या कोरड्या भागांत म्हणूनच तेलमिश्रित, दाबलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ वापरात आले. ते बहुधा सपाट असल्याने त्यांवर उतारावरील पटिंगचा सराव क्वचितच घडतो. मात्र पाण्यावाचूनही तो साधता येतो : खाच पाडलेल्या लाकडी पट्टीवरून चेंडू सोडून, दाबलेल्या मातीच्या सपाटीवरील व उतारावरील अंतरांची तुलना केल्यास हातास वेगाचा अंदाज येतो.