नामनियुक्त सभासद आणि कामगारांचे प्रतिनिधित्व : ना. म. जोशी यांची मध्यवर्ती विधिमंडळातील कारकीर्द

ज्या सभासदाला एकाही मतदाराने निवडून दिलेले नाही, तो कोणाचा प्रतिनिधी मानावा? संसदीय संस्थांच्या अभ्यासकाला हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटण्याचा संभव आहे. परंतु नारायण मल्हार जोशी यांच्या बाबतीत तो सुमारे पाव शतक प्रत्यक्ष व्यवहाराचा प्रश्न होता. १९२१ मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून आले व पुढे वारंवार नियुक्त होत राहिले. त्यांच्या कारकीर्दीच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे प्रस्तुत निबंधात योजिले आहे.

१९१९ च्या सुधारणा-कायद्याने स्थापिलेल्या ह्या सभागृहात बहुसंख्य सभासद निवडलेले असले, तरी मताधिकार मालमत्ता व कर यांवर आधारलेला होता. जमीनदार, हिंदी व्यापारी व युरोपीय यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते; गिरणी, खाण वा चहामळ्यातील मजुराला मात्र साधे मतही नव्हते. मजुरांचे हित पाहणारा एखादा सभासद सरकारने नेमावा, एवढीच त्या व्यवस्थेतील तरतूद. म्हणजे ज्या सरकारच्या धोरणावर टीका करावयाची, त्याच सरकारच्या कृपेने सभागृहात बसावयाचे, असा हा विचित्र योग होता.

जोशी यांची पूर्वतयारी विधिमंडळाबाहेर झाली होती. ५ जून १८७९ रोजी कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे त्यांचा जन्म झाला. काही वर्षे शिक्षकाचे काम करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९११ मध्ये मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगच्या रात्रीच्या शाळा व वाचनालये यांच्या निमित्ताने गिरणगावातील जीवन त्यांना जवळून पाहावयास मिळाले. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. ही नेमणूकही सरकारचीच होती. कामगारांची अखिल भारतीय संघटना त्या वेळी अस्तित्वात नव्हती. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस जन्मास आली ती १९२० च्या ऑक्टोबरात, आणि तिच्या संस्थापकांत जोशी होते.

वॉशिंग्टनची परिषद त्यांच्या वैधानिक कार्याची गुरुकिल्ली आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. परिषदेने संमत केलेले करार ठराविक मुदतीत आपल्या विधिमंडळापुढे ठेवणे सदस्य-राष्ट्रांच्या सरकारांवर बंधनकारक होते. मतदारसंघ नसलेल्या सभासदाच्या हाती हे एक साधन आले. मजुरांचा प्रश्न सभागृहापुढे आणण्यास आता केवळ सरकारच्या मर्जीवर विसंबण्याचे कारण उरले नाही. कामाच्या तासांविषयीच्या करारात हिंदुस्थानासाठी आठवड्यास ६० तासांची खास सवलत होती. तो करार सरकारने १९२१ मध्ये मान्य केला, आणि १९२२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा कारखान्यांच्या कायद्यात आली.

दुसरे उदाहरण कामगार संघांच्या कायद्याचे. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या चालकांनी बी. पी. वाडिया व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला, तेव्हा संघ चालविणे हीच बेकायदा कृती ठरू शकते हे उघड झाले. मार्च १९२१ मध्ये जोशी यांनी संघांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला. त्यातून निघालेला कायदा संमत व्हावयास १९२६ साल उजाडले. नोंदलेल्या संघाला औद्योगिक कलहातील कृत्यांबद्दल कटाच्या आरोपापासून व दिवाणी दाव्यांपासून काही संरक्षण मिळाले. पण संघाला मान्यता देण्याचे बंधन मालकांवर आले नाही. संरक्षण मिळाले, वाटाघाटीचा हक्क मिळाला नाही. ही ह्या कायद्याची मर्यादा होय.

तिसऱ्या उदाहरणात अपयश आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोधप्रद आहे. प्रसूतीच्या आधी व नंतर सहा-सहा आठवडे विश्रांती देण्याविषयीचा वॉशिंग्टनचा करार सरकारने स्वीकारला नाही. तेव्हा १९२४ मध्ये जोशी यांनी स्वतःच स्त्री-कामगारांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मजुरांच्या मताविना निवडून आलेल्या सभासदांना त्याच्या पराभवाचे उत्तर कोणत्याही मतदार-मजुरास द्यावयाचे नव्हते. तथापि विषय मेला नाही. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये व मध्यप्रांताने १९३० मध्ये असे कायदे केले. ज्या व्हिटली आयोगाचे जोशी सभासद होते, त्याने १९३१ मध्ये देशभर तशा कायद्यांची शिफारस केली. विविध प्रकारच्या आस्थापनांना लागू होणारा केंद्रीय कायदा मात्र १९६१ मध्ये, म्हणजे मूळ विधेयकानंतर ३७ वर्षांनी झाला. ३० मे १९५५ रोजी निवर्तलेल्या जोशींना तो पाहावयास मिळाला नाही.

ह्या मार्गाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९२८ च्या मुंबईतील सार्वत्रिक गिरणी संपात त्यांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबरीने संयुक्त संप समितीत काम केले. पुढील वर्षी संपांवर निर्बंध घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकातील कलमांना त्यांनी सभागृहात विरोध केला. परंतु त्याच वर्षी नागपूर येथे ट्रेड युनियन काँग्रेसने व्हिटली आयोगावर बहिष्काराचा ठराव केला, तेव्हा आयोगाचे सभासद असलेले जोशी व त्यांचे सहकारी संघटनेबाहेर पडले. जी संघटना त्यांच्या प्रतिनिधित्वाला आधार देत होती, तीच दुभंगली. बहिष्कारवाद्यांची बाजू अगदी निराधार नव्हती. सरकारनियुक्त आयोगात बसणे म्हणजे सरकारच्या हेतूंना मान्यता देणे, हा आक्षेप जोशींच्या साऱ्या कारकीर्दीलाच लागू पडत होता. त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येण्यासारखे नव्हते. ते कामानेच द्यावे लागले. १९४० मध्ये ऐक्य घडून आल्यावर संघटनेने त्यांनाच पुन्हा सरचिटणीस केले, हे ह्या दृष्टीने लक्षणीय आहे.

मग जोशी कोणाचे प्रतिनिधी होते? नियुक्तीने त्यांना जागा दिली, प्रतिनिधित्व दिले नाही. ते त्यांनी सभागृहाबाहेरील संघटनेशी नाते राखून मिळविले, आणि ते नाते जेव्हा तुटले तेव्हा त्यांचे स्थानही दुबळे झाले. मात्र एका व्यक्तीच्या निष्ठेवरून नियुक्तीच्या पद्धतीचे समर्थन करणे युक्त होणार नाही. प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाचा पराभव हे त्या पद्धतीविरुद्धचे सबळ प्रमाण आहे. मताधिकाराचे कार्य सद्‌हेतूला करता येत नाही. मताधिकार येईपर्यंत मागणी जिवंत ठेवणे एवढेच त्याला शक्य असते. जोशींनी ते केले.