गावची वर्गणी आणि गवयाची बिदागी



गाण्याची मैफल दरबाराची आणि तमाशा गावचा, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. मैफलीत शालजोडी मिळावयाची, तमाशात फेटे उडावयाचे. तेव्हा या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु गाणे कोणी कसे गायिले हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवून, त्याचा खर्च कोणी सोसला एवढेच पाहू गेल्यास निराळीच गोष्ट नजरेस येते. गेल्या दीडशे वर्षांत शहरच्या सुशिक्षित मंडळींनी मैफलीकरिता जी व्यवस्था मोठ्या खटपटीने उभी केली, ती आपल्या खेड्यांच्या जत्रांतून पूर्वीपासून चालत आलेली होती.

कवठे येमाईकडेच पाहा. शिरूर तालुक्यातील हे गाव तमाशाकरिता ओळखले जाते. या टापूत जत्रेचा तमाशा ठरतो कसा, हे येथे बसलेल्यांस मी काय सांगावे? घरटी वर्गणी ठरते. पंच मंडळी पाडव्याच्या सुमारास नारायणगावास जातात. तेथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बोलाचाली होते, सुपारी दिली जाते आणि तारीख धरली जाते. कलावंत हा गावचा पाहुणा. त्यास कोण्या एका धनिकाने बोलाविलेले नसते, म्हणून तो कोणा एकाच्या मर्जीवर नसतो. आणि ज्याने रुपया दिला तोही ऐकतो, ज्याच्याने काही देववले नाही तोही कडेला बसून ऐकतो.

दरबाराची रीत याच्या अगदी उलट होती. तेथे बिदागी मोठी, पण ती एका माणसाच्या आयुष्याला बांधलेली. उस्ताद अल्लादियाखाँ यांस शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारी आश्रय दिला आणि खाँसाहेबांच्या गायकीने पुढे महाराष्ट्राचा कान घडविला. पण १९२२ मध्ये महाराज निवर्तले आणि खाँसाहेबांस मुंबईची वाट धरावी लागली. युरोपातही हेच घडलेले दिसते. तिकडे ज्यास ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात ते राजे-सरदारांच्या दालनातलेच संगीत. हायडन हा थोर रचनाकार १७६१ पासून एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता. त्याचा रसिक धनी १७९० साली वारला, नव्या धन्याने वाद्यवृंदच मोडून टाकला; आणि त्यानंतर हायडन लंडनास गेला तो सालोमन नावाच्या वादकाने वर्गणीदार जमवून चालविलेल्या जलशांत. चार तंतुवाद्यांच्या ज्या रचना पूर्वी एखाद्या दालनापुरत्या असत, त्या त्याने पुढे जाहीर सभागृहास पेलतील अशा लिहिल्या. आश्रयदाता बदलला की गाण्याचा आवाजही बदलतो तो असा.

आपल्याकडे ही जाणीव प्रथम मुंबई-पुण्यास झाली. मुंबईत कैखुश्रू काबराजींच्या पुढाकाराने १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. पंडित भातखंडे तिच्याच सहवासात तयार झाले. पुण्यास १८७४ मध्ये बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे आणि त्यांच्या स्नेह्यांनी पूना गायन समाज काढला. ते साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढल्याच वर्षी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे एकत्र बसून व्याख्यान ऐकावे आणि एकत्र बसून गाणे ऐकावे, या दोन सवयी एकाच शहरात, एकाच पिढीने लावून घेतल्या. आज आपण येथे जमलो आहो ते त्याच सवयीचे फळ होय. गायन समाजाने वर्ग चालविले, जलसे केले, मद्रासेस १८८३ मध्ये शाखाही काढली. त्याच वर्षी कोल्हापुरास देवल क्लबचा जन्म झाला.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या पुणेरी समाजाचा हेतू उच्च वर्गात संगीताची अभिरुची पुन्हा जागी करावी असा होता. गाण्याला प्रतिष्ठा हवी होती. ती गाणाऱ्यांनाही द्यावयाची की नाही, याचा विचार तितक्या तळमळीने झालेला दिसत नाही. सभासद वर्गणी देत, पण सभासद होणार कोण? जत्रेच्या मांडवात जी मोकळीक होती ती या दिवाणखान्यात नव्हती.

ती कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांकडे जाते. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेला हा गवई १८९६ मध्ये मिरज सोडून निघाला आणि सौराष्ट्रात त्याने तिकीट लावून जाहीर जलसा केला. गवयाने तिकीट लावावे हे त्या काळी अनेकांस कमीपणाचे वाटे! पण तिकिटाचा एक गुण असा की ते जात विचारीत नाही. १९०१ मध्ये लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले, तेही दरबारच्या नव्हे तर लोकांच्या पैशावर. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये जी संस्था स्थापिली, ती भारत गायन समाज या नावाने पुढे प्रसिद्धीस आली.

स्त्री-कलावंतांचा मार्ग याहून खडतर होता. गंगूबाई हनगल १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गायिल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. गाणे झाल्यावर आपणांस उष्टी काढावयास लावतील की काय, ही भीती त्या वेळी मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ज्या मुलीचे गाणे गांधीजींसमोर झाले तिच्या मनातली ही भीती! मैफलीच्या इतिहासात असल्या गोष्टी सहसा लिहिल्या जात नाहीत; राग कोणता, ताल कोणता, एवढेच लिहिले जाते. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून स्वतंत्र जाहीर मैफली केल्या आणि कुलीन स्त्रियांनी समोर बसून त्या ऐकल्या, हे त्या दृष्टीने सामाजिक सुधारणेचेच काम झाले.

हिराबाईंचे वडील अब्दुल करीमखाँ. ते मिरजेस स्थायिक झाले होते, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणे ही त्यांची सेवा होती. १९३७ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीत सभा सुरू झाली. दूरदूरचे कलावंत दर्ग्याच्या आवारात येऊन हजेरी लावतात. येथे उरूस आणि मैफल यांतील भिंत नाहीशी होते. जत्रेत जे घडते तेच येथे घडते, फक्त ढोलकीच्या जागी तंबोरा असतो.

खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ मध्ये पुण्यास वारले. दुसऱ्याच वर्षी भीमसेन जोशी आदी शिष्यमंडळींनी आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. गुरूच्या नावे शिष्यांनी गावे एवढाच प्रारंभीचा बेत. पुढे देशभरचे पाहुणे कलावंत येऊ लागले आणि हजारो श्रोते सतरंजीवर बसून ऐकू लागले. भीमसेनजी २०११ मध्ये गेले. आता उत्सवास गुरुशिष्य दोघांचीही नावे आहेत. एवढ्या गर्दीत मैफलीचे मैफलपण राहते काय, असा आक्षेप घेतात, आणि तो अगदीच खोटा नाही. पंचवीस माणसांच्या बैठकीत गवयास श्रोत्याची मान हललेली दिसते, त्याच्या डोळ्यांवरून तो तान लांबवितो अथवा आवरतो. ध्वनिक्षेपकापुढे हे साधणे कठीण. तरीही माझे मत असे की, पंचवीस जाणत्यांचा आनंद राखण्याकरिता बाकीच्यांस दाराबाहेर उभे करणे हा सौदा महागाचा आहे.

मात्र वर्गणीची पद्धतही एका ठिकाणी तोकडी पडते. ती एका रात्रीची बिदागी देते, म्हातारपणाची बेगमी करीत नाही. विठाबाई नारायणगावकरांस राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला होता. पण २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल भागविण्यास देणग्या गोळा कराव्या लागल्या. जिने आयुष्यभर गावोगावच्या वर्गणीवर मांडव गाजविले, तिच्याकरिता शेवटीही वर्गणीच काढावी लागली. पुढे महाराष्ट्र शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे दिला, आणि २०१८ चा तो पुरस्कार कवठे येमाईचे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांस मिळाला. अनेक फडांकरिता लावण्या, वग, पोवाडे आणि भक्तिगीते लिहिणारे हे कवठेकर २०२१ मध्ये निवर्तले.