गळती मुलांची की शाळेची?

शेवगाव तालुक्यात जूनमध्ये शाळेचा पट भरलेला असतो. दसरा-दिवाळी होते, मुकादमाच्या गाड्या लागतात आणि त्याच पटावरची कितीतरी नावे नुसती नावे उरतात. आईबाप उचल फेडायला उसाच्या फडात जातात, लेकरे त्यांच्याबरोबर कोपीत राहायला जातात. ती परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. मग कुणीतरी सहज म्हणून जातो, "या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही." वस्तीवर काम करताना हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला इतिहासातूनच उत्तर द्यावे असे वाटते.

चांगली प्राथमिक शाळा कोणती? आज लोक रंगवलेल्या भिंती, टॅब, सेमी-इंग्रजी आणि शिष्यवृत्तीचा निकाल मोजतात. आपल्या महामानवांनी मात्र वेगळी मोजपट्टी दिली आहे. शाळेत कोण आले, ते कुठे बसले, त्यांना शिकवले कुणी आणि शेवटपर्यंत टिकले किती, ही ती मोजपट्टी.

तिची सुरुवात आपल्याच नगर जिल्ह्यात सापडते. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका नगरला मुलींची शाळा चालवत होत्या. ती शाळा पाहूनच मुलींना शिकवण्याची प्रेरणा मिळाली, असे खुद्द जोतिरावांनी सांगून ठेवले आहे. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही फरारबाईंकडेच. म्हणजे इमारतीआधी त्यांनी शिक्षक घडवला. त्याचे फळ १८५५ मध्ये दिसले. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'ने तो छापला. वेशीबाहेरच्या घरातली मुलगी काही वर्षांच्या शिक्षणावर धर्मालाच जाब विचारते. याहून मोठी शैक्षणिक गुणवत्ता कोणती?

पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारने तो नाकारला. कारण काय, तर या एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील. त्या मुलाला शिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते का? तो दारात उभा होता. महत्त्व कळत नव्हते ते दार लावणाऱ्यांना.

१८८२ मध्ये जोतिरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचावे. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी आपल्याला पाठ आहे. पण ते तिथे थांबले नाहीत. महार-मांगांच्या मुलांना वरिष्ठ जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती शाळेबाहेर आहेत, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवा, गरज पडली तर नांगराला हात लावायला न लाजणारा माणूस हवा, असे ते म्हणाले. शिक्षकाला निदान बारा रुपये पगार द्या, अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास-भूगोलाबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे धडे ठेवा, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, असेही त्यांनी सुचवले. मुलाच्या घरापासून फटकून राहणारा शिक्षक त्याला शिकवू शकत नाही, हे सूत्र त्यात आहे. शाळा सुखवस्तू घरातल्या भाषेला आणि सवयींनाच हुशारी समजते, असे पुढे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी मांडले. जोतिरावांनी त्या रोगाचे मूळ कितीतरी आधी ओळखले होते.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. त्यांना प्रवेश पुरेसा वाटला नाही, एकत्र बसणे हवे होते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाण्यावाचून राहावे लागे, हे आपण जाणतोच. पटावर नाव तर तेव्हाही होते.

तेच भीमराव १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हा हिशेब त्यांनी मांडला. आलेले प्रत्येक मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांवर वसूल करते, हेही त्यांनी सुनावले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. शाळा आणि पाणी हे आमच्यासाठी दोन वेगळे लढे कधीच नव्हते.

आता हा हिशेब आजच्या वादाला लावून पाहा. 'सगळ्यांना घेतले की दर्जा घसरतो' असे म्हणणारे अजून आहेत. पण १८ मुले उरली आणि ती सगळी पास झाली, तर शाळेचा निकाल १०० टक्के लागतो! ८२ मुले कुठे गेली, हे निकालपत्रक सांगत नाही. कच्च्या मुलांना वगळून मिळवलेल्या निकालाला आम्ही गुणवत्ता मानत नाही. मूल गळत नाही मित्रहो, शाळा गळते. भांडे फुटके असेल तर दोष पाण्याला देत नाहीत.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. तरी दार लावण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट देणारी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दुसरीकडे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा सुरूच असते. वस्तीवरची शाळा मिटली की सगळ्यात आधी मुलगी घरी बसते.

म्हणून शेवगावच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. जयंतीची वर्गणी जमवतो त्याच जिद्दीने शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्याने तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. बैठकीत रोकडे प्रश्न विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्याआधी झाली का? त्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का? जी मुले गेली, त्यांना कारखान्याजवळच्या शाळेत बसवायची जबाबदारी कुणाची? पोषण आहार कोण शिजवते? स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच दिला आहे. पहिलीत आलेल्यांपैकी चौथीत किती उरले आणि त्यातल्या कितींना नीट वाचता येते?

हा शेवटचा आकडा गावाच्या फळ्यावर दरवर्षी लिहायला लावा. बाबासाहेबांनी १९२७ ला विचारलेला प्रश्न प्रत्येक गावात विचारला गेला, की शाळेला पटामागे लपता येणार नाही.

जय भीम!