टेलस्टॉक

टेलस्टॉक : लेथवर फिरणाऱ्या लांब वस्तूचे मोकळे टोक टोकदार सेंटरवर पेलून धरणारा लेथचा सरकता भाग. तो बेडवर हव्या त्या ठिकाणी नेऊन तेथेच पक्का आवळता आला पाहिजे. आवळलेला टेलस्टॉक काम चालू असताना मागे सरकल्यास वस्तू थरथरते व तिचा पृष्ठभाग खडबडीत होतो. सेंटर पूर्णपणे सुटल्यास जड दंड निसटून कारागिरास गंभीर इजा होण्याचा संभव असतो.

प्रारंभीचे लेथ लाकडी असत. दोन समांतर तुळयांमधील फटीत ठोकळे बसवून ते खालून पाचर ठोकून आवळीत. फ्रेंच लेखक शार्ल प्ल्युम्ये यांच्या कातकामावरील ग्रंथात (१७०१) लेथची सचित्र वर्णने आढळतात. लाकूड कातण्यास पाचरीची पकड पुरेशी होती. धातू कातताना येणारा जोर मात्र तिला पेलत नसे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांनी १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा अचूक लेथ तयार केला. पुढे बिडाचा बेड रूढ झाला आणि पाचरीची जागा बेडखालील आवळपट्टी व बोल्ट यांनी घेतली. बोल्ट झटपट ओढला जावा म्हणून नंतर उत्केंद्री दांडा व तरफ यांची योजना झाली. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये खरवडून सपाट पृष्ठे तयार करण्याची पद्धती मांडली. टेलस्टॉकची बैठक बेडवर नीट टेकविण्यास तीच पद्धती उपयोगी पडली.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत लेथकामाला साखरधंद्यामुळे महत्त्व आले. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यावर तेथे उसाची लागवड वाढत गेली. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभारला. तेथील वसाहत वालचंदनगर या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे भागही तयार होऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. त्याच सुमारास देशी लेथही मिळू लागले होते : हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर (१९४१) व बंगलोर येथील हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) हे त्यांचे प्रमुख निर्माते होते. साखर कारखान्यांत पंपांचे दंड, धुरे इ. भागांची दुरुस्ती मुख्यतः गाळप हंगाम संपल्यावर करतात. ही मुदत मर्यादित असल्याने लेथचा दोष वेळीच दूर करावा लागतो.

टेलस्टॉक न आवळण्याची कारणे बहुधा साधी असतात. बैठकीखाली कीस वा मळ अडकल्यास ती बेडवर पूर्ण टेकत नाही. म्हणून प्रथम दोन्ही पृष्ठे पुसून तपासतात. तरफ शेवटपर्यंत फिरूनही पकड येत नसेल, तर आवळपट्टीचा नट थोडा कसून घेतात. बोल्टचे आटे ताणलेले, पट्टी वाकलेली किंवा उत्केंद्री दांडा झिजलेला असल्यास ते भाग बदलतात. हेडस्टॉकजवळ बेड अधिक झिजलेला असल्यास तेथे त्याची जाडी कमी होते. त्यामुळे दुसऱ्या टोकाला पक्का बसणारा टेलस्टॉक तेथे ढिला राहतो. अशा वेळी जेथे काम करावयाचे, तेथेच पकड जुळवून घेतात. बैठक डुगडुगत असल्यास बेडला निळा रंग लावून टेकणारे उंचवटे शोधतात व ते खरवडतात. यामुळे सेंटर खाली उतरते. ते मूळ उंचीवर आणण्यासाठी बैठक व वरचा भाग यांमध्ये पातळ पत्रा घालतात. सेंटर धरणारी नळी सरकत असेल, तर तिच्या आवळखुंट्यांची झीज स्वतंत्रपणे पाहावी लागते.

तरफेला लांब नळी लावून अधिक जोर देणे हा उपाय घातक ठरतो. त्याने बोल्ट ताणला जातो, बिडाला तडा जाऊ शकतो आणि मूळ दोष तसाच राहतो. पकड बोल्टच्या ओढीइतकीच पृष्ठांच्या परस्पर टेकण्यावर अवलंबून असते. संगणक-नियंत्रित लेथवर सेंटर अनेकदा द्रवीय दाबाने पुढे रेटले जाते. तथापि स्वच्छ व सपाट बैठकीची आवश्यकता तेथेही कायम आहे.