घंगाळ, टब आणि एक दुरुस्ती

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे ओहायोत होते. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं काम निघालं होतं. सूनबाईंना भिंतीला न चिकटलेला, सुटा उभा राहणारा टब हवा होता. रोज रात्री जेवणानंतर तोच विषय. ओतीव लोखंडाचा घ्यावा की अ‍ॅक्रिलिकचा? लोखंडी टबात पाणी बराच वेळ गरम राहतं, पण नुसत्या टबाचंच वजन दीडशे किलोच्या आसपास. त्यात दोनशे लिटर पाणी म्हणजे आणखी दोनशे किलो, शिवाय आत बसणारं माणूस. घर लाकडी सांगाड्याचं. जमीन हे पेलेल का, हे आधी तपासायला हवं. सांडपाण्याचं भोक नेमकं टबाच्या पोटाखाली आलं पाहिजे, आणि मागून फडकं फिरवायला जागाही राहिली पाहिजे.

मला माहेरचं न्हाणीघर आठवलं. तांब्याचं घंगाळ, बंबातलं कढत पाणी, आणि त्यात घालायचं विसण. घंगाळही सुटंच की! फरक एवढाच, की आपण घंगाळात बसत नाही, त्यातलं पाणी तांब्याने अंगावर घेतो.

पाण्यात बसून न्हाण्याची हौस मात्र फार जुनी. क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात भाजलेल्या मातीचा टब सापडला आहे. मोहेंजोदडोचं महास्नानगृह तर आपण सगळेच शाळेत शिकलो. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, आणि पाणी झिरपू नये म्हणून विटांना डांबराचा थर. आता दुकानांत मिळतात त्या पायांच्या टबांची गोष्ट मात्र गमतीची आहे. १८८३ साली विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोहलर यांनी गुराढोरांसाठी वापरायच्या लोखंडी कुंडावर एनॅमलचा मुलामा चढवला, आणि चार पाय लावले तर याचा न्हाण्याचा टबही होईल, असं आपल्या कॅटलॉगात सांगितलं.

एका रात्री मीही उत्साहाने माझी ठेवणीतली गोष्ट सांगितली. अमेरिकेतला पहिला टब १८४२ साली याच ओहायोतल्या सिनसिनाटीत अ‍ॅडम थॉम्पसन नावाच्या व्यापाऱ्याने बसवला. डॉक्टरांनी विरोध केला, कर बसले, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवल्यावर लोकांची भीती गेली. नव्या गोष्टीला समाज आधी कसा विरोध करतो, हे सांगताना मी वर्षानुवर्षं आठवीच्या वर्गात हे उदाहरण द्यायचे. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं.

नातीने तिथल्या तिथे शोधलं आणि म्हणाली, "आजी, हे खोटं आहे गं."

खरंच खोटं होतं. एच. एल. मेंकेन या पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात ही कहाणी निव्वळ थट्टा म्हणून रचून छापली होती. लोकांनी ती खरी मानली, पुस्तकांत उतरवून घेतली. १९२६ साली त्याने स्वतःच कबुली दिली, तरी ती छापली जातच राहिली. व्हाइट हाउसमध्ये नळाचं पाणी आलं ते १८३३ साली, जॅक्सन यांच्या काळात, आणि न्हाणीघरही त्यानंतर लवकरच झालं. फिलमोर राष्ट्राध्यक्ष झाले ते १८५० साली!

त्या रात्री मला झोप लागली नाही. गोष्ट खोटी निघाली याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की "हे कशावरून?" असं मुलांना विचारायला शिकवणाऱ्या मी स्वतः ते कधी विचारलं नाही. गोष्ट माझ्या मुद्द्याला इतकी छान बसत होती, की तपासावी असं वाटलंच नाही. जी गोष्ट आपल्याला सोयीची, तीच आधी तपासावी, हे सत्तरी उलटल्यावर कळलं.

असो. टब शेवटी अ‍ॅक्रिलिकचा आला. सुंदर दिसतो. पण त्याचा काठ ओलांडायला माझे गुडघे तयार नाहीत. मी आपली शेजारी स्टूल ठेवून बादली आणि मग घेऊन आंघोळ करत असे.

माझे जुने विद्यार्थी अधूनमधून इथे डोकावतात, म्हणून हे लिहिलं. मुलांनो, वहीतलं ते उदाहरण लाल पेनाने खोडा. बाईंची चूक होती.