किरणांचें माप आणि देहाचें माप

वैद्यकाच्या इतिहासांत रोगावरील विजय ठळक अक्षरांत नोंदले जातात. त्यांसाठीं निरोगी अवयवांनीं दिलेलें मोल बहुधा समासांतच राहतें. स्तनाच्या कर्करोगावरील किरणोपचारांच्या इतिहासांत आम्हांस हें मोलच अधिक बोधप्रद वाटतें.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं राँटगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, आणि लवकरच त्यांचा दाहही प्रत्ययास आला. १९०१ सालीं बेकेरेल यांनीं रेडियमची नळी खिशांत बाळगली, तों कातडी भाजली. त्या काळीं मात्रा मोजण्याचें खात्रीचें साधन नव्हतें. रोग्याची कातडी लाल होणें हेंच बहुधा माप. १९२८ सालीं स्टॉकहोमच्या परिषदेंत ‘राँटगेन’ हें एकक मान्य झालें आणि मोजणी यंत्राकडे गेली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें व कर्करोगाच्या उपचारांस आपल्याकडे हक्काचें घर मिळालें.

परंतु मात्रा एक असली तरी देह एक नसतात. एकीची कातडी किंचित् काळवंडते, दुसरीची सोलवटते; तिसरीचा स्तन कांहीं वर्षांनीं कठीण होतो. हें आधीं कसें ओळखावें? वजन, स्तनाचा आकार, धूम्रपान यांवरून थोडें अनुमान करतां येतें. हृदयास पोंचणाऱ्या सरासरी मात्रेच्या दर ग्रेमागें हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनीं वाढतो, असें २०१३ सालीं एका मोठ्या अभ्यासांत आढळलें. १९९५ सालीं एटीएम हें जनुक सांपडलें. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांस किरण फार बाधतात. पण असे रोगी विरळा. इतर स्त्रियांपैकीं नेमक्या कोणीस त्रास होईल, हें खात्रीनें सांगणें अजून साधलेलें नाहीं.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. मुरबाड तालुक्यांत, नाणेघाटाच्या पायथ्याशीं वैशाखरे गांव आहे. तेथील स्त्रीनें पांच आठवडे परळास राहून पंचवीस बैठका घ्यावयाच्या, तर घर आणि शेत कोणाच्या हवालीं करावें? २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणींत एका आठवड्याच्या पांच बैठका तीन आठवड्यांच्या पंधरांच्या तोडीच्या ठरल्या. हा मोठाच दिलासा होय. मात्र कातडीचा दाह पुष्कळदां बैठका संपल्यावर, म्हणजे ती घरीं परतल्यावर वाढतो. आणि तेथें तज्ज्ञ हाताशीं नसतो. त्रास कोणीस अधिक व्हावयाचा हें आधीं कळलें, तर तिला चार दिवस ठेवून घेतां येईल. तें साधेपर्यंत निघतांना प्रत्येकीस कोणतीं लक्षणें दिसतां परत यावें हें तिच्या बोलींत समजावून सांगणें, एवढें तरी आमच्या मतें आजच शक्य आहे.